टॉप मॉडेल आणि पांदण रस्ता

उन्हाळ्यात हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन वसमतच्या मोंढ्यात गेली आणि तिचा पैसा घरी आला, की कुरुंदा आणि भोवतालच्या गावांत एक चर्चा हमखास सुरू होते. गाडी घ्यावयाची हे ठरलेले असते. ती साधी मोटार नसावी, जीपच्या जातीची उंच, दणकट गाडी असावी, हेही बहुधा ठरलेले असते. वाद असतो तो एवढ्याच मुद्द्यावर, की ‘बेस’ मॉडेल घ्यावे की ‘टॉप’. या चर्चेत केवळ बागायतदारच असतात असे नाही. शाळेतील गुरुजी असतात, पंचायत समितीतील आणि बँकेतील लिपिक असतात, आणि ज्यांना वडिलांच्या निर्णयावर प्रभाव पाडावयाचा आहे असे महाविद्यालयीन विद्यार्थीही असतात.

हा प्रश्न ज्याच्या त्याच्या आवडीचा आहे, त्याची जाहीर चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या निर्णयाने मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाचा पगार पाच-सात वर्षांसाठी गहाण पडतो, तो निर्णय केवळ आवडीचा राहत नाही. शिवाय या चर्चेच्या तळाशी एक भ्रम आहे. किंमत जितकी जास्त तितकी गाडी अधिक समर्थ, आणि टॉप मॉडेल कोठेही अडत नाही, असा तो भ्रम आहे. पावसाळ्यात ओढ्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात हा भ्रम असेल, तर तो जिवावरही बेतू शकतो.

जीप एकाच प्रकारची होती तेव्हा

मराठवाड्याला जीप प्रथम दिसली ती सरकारी वाहन म्हणून. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीपगाड्यांची जुळणी १९४७ च्या सुमारास मुंबईत सुरू केली. पुढे १९५२ साली समूह विकास योजना आली, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यापाड्यांतील सत्तेचे दृश्य चिन्ह बनले. ती धुरळा उडवीत गावात शिरली, की चावडीवर माणसे गोळा होत. त्या जीपला काचा नव्हत्या, कापडी छत होते, आसने टणक होती. तिच्यात दर्जे नव्हते. जीप आहे की नाही, एवढाच प्रश्न होता.

सरकारी जीपनंतर काळी-पिवळी आली. तिने बाजाराला जाणाऱ्या, दवाखान्यात जाणाऱ्या आणि लग्नाला जाणाऱ्या माणसांना दाटीवाटीने वाहून नेले. २००० साली बोलेरो आली आणि जीपच्या जातीचे वाहन खऱ्या अर्थाने ग्रामीण घराच्या अंगणात उभे राहिले. तेव्हापासून जीपची दोन रूपे झाली. एक कामाची आणि दुसरी दिमाखाची. आजच्या दर्जांच्या यादीचे मूळ या विभागणीत आहे.

दर्जा बदलतो तेव्हा काय बदलते

२०२० साली थारची नवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्या दोन मालिका होत्या. ‘एएक्स’ ही साहसी प्रवासासाठी आणि ‘एलएक्स’ ही सुखासीन राहणीसाठी, असे कंपनीनेच सांगितले होते. दोन्हींत चारही चाकांना ओढ होती. फरक होता तो चाकांत, आसनांत, छतात आणि समोरच्या पडद्यात. स्वस्त मालिकेला १६ इंची पोलादी चाके होती व टायरचे माप २४५/७५ होते. महाग मालिकेला १८ इंची अलॉय चाके व २५५/६५ मापाचे टायर होते. या आकड्यांचा अर्थ विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावा. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची आहे ते सांगतो. स्वस्त गाडीच्या टायरची भिंत सुमारे १८४ मिलिमीटर भरते, महाग गाडीची सुमारे १६६. खड्ड्याचा आणि दगडाचा पहिला मार टायरची हीच भिंत सोसते. ती जितकी उंच, तितका धक्का कमी. म्हणजे खडबडीत रस्त्यासाठी अधिक योग्य टायर कमी किमतीच्या गाडीला होते.

चाकांचेही तसेच आहे. पोलादी चाक खड्ड्यात वाकते, ते ठोकून सरळ करता येते, आणि तालुक्याच्या गावी ते काम कोणीही करून देतो. अलॉय चाक दिसावयास देखणे, परंतु जोराच्या आघाताने त्याला तडा जाऊ शकतो. तडा गेलेले चाक बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग आणि तो महागाचा असतो.

जून २०२३ मध्ये बाजारात आलेल्या मारुतीच्या जिम्नीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. तिचे ‘झीटा’ आणि ‘अल्फा’ असे दोन दर्जे निघाले. इंजिन तेच, चारही चाकांची ओढ दोन्हींत, सहा एअरबॅग दोन्हींत, जमिनीपासूनची २१० मिलिमीटर उंचीही तीच. जादा पैसे मोजून अल्फामध्ये मिळत होती ती अलॉय चाके, एलईडी दिवे, मोठा पडदा, स्वयंचलित वातानुकूलन अशी साधने. त्यांपैकी चांगले दिवे उपयोगाचे आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु चिखलातून निघण्याची शक्ती अल्फामध्ये झीटापेक्षा तसूभरही जास्त नव्हती.

उलट प्रकारही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये ‘एमएक्स १’ या पहिल्या दर्जातच सहा एअरबॅग होत्या, ही गोष्ट स्वागतार्ह होय. पण चारही चाकांची ओढ त्या दर्जात मिळत नव्हती. ती हवी असेल, तर ‘एमएक्स ५’ किंवा त्याहून वरच्या दर्जातील डिझेल गाडी घेणे भाग होते. म्हणजे ज्याला केवळ चिखलातून निघावयाचे आहे, त्यानेही शोभेच्या वस्तूंचे पैसे मोजावे अशी ही व्यवस्था. शेतकऱ्याला बियाण्याची पिशवी हवी असते आणि दुकानदार तिच्याबरोबर नको असलेले औषध गळ्यात बांधतो, त्याला खेड्यात ‘लिंकिंग’ म्हणतात. मोटारीच्या बाजारातील या प्रथेला मात्र आपण ‘टॉप मॉडेल’ असे भारदस्त नाव देतो.

इंजिन कोणी ठरविले

दर्जांची ही रचना केवळ ग्राहकाच्या सोयीसाठी झालेली नाही. तिच्यामागे कराचा हात आहे. चार मीटरपेक्षा आखूड आणि डिझेलचे असेल तर १५०० घनसेंटिमीटरपर्यंत, पेट्रोलचे असेल तर १२०० घनसेंटिमीटरपर्यंतचे इंजिन असलेली मोटार ‘लहान’ समजली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोटारीवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला, आणि त्या मर्यादेपलीकडील गाड्यांवर ४० टक्के. जानेवारी २०२३ मध्ये थारची मागील दोन चाकांना ओढ असलेली स्वस्त आवृत्ती निघाली, तिचे डिझेल इंजिन १४९७ घनसेंटिमीटरचे होते, यामागील कारण आता वाचकांच्या ध्यानात येईल. गाडीची लांबी ३९८५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरला अवघी दीड सेंटिमीटर कमी, हाही योगायोग नव्हे. त्याच लांबीची, पण २२०० घनसेंटिमीटरच्या वर्गातील डिझेल इंजिनाची चारचाकी ओढीची थार मात्र वरच्या कराच्या कक्षेत जाते. करापूर्वी आठ लाखांची असलेली गाडी १८ टक्क्यांनी ९ लाख ४४ हजारांना पडते, तर ४० टक्क्यांनी ११ लाख २० हजारांना. पावणेदोन लाखांचा हा फरक ना चाकात आहे, ना आसनात. तो सरकारी तिजोरीत आहे.

चार चाकांची ओढ आणि काळी माती

आता मुख्य प्रश्न. चारही चाकांना ओढ असलेली गाडी रोजच्या वापरासाठी हवी काय?

या जातीच्या बहुतेक गाड्यांत ही ओढ गरजेपुरती जोडावयाची असते. पुढची आणि मागची चाके एकमेकांशी जखडली जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर तोडतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात, परंतु कोरड्या डांबरावर ती घसरू शकत नाहीत आणि सगळा ताण दांड्यांवर व गिअरवर येतो. म्हणून डांबरी रस्त्यावर ही ओढ जोडावयाची नसते. अर्थात कुरुंद्याहून वसमत, हिंगोली वा नांदेडला नोकरीसाठी रोज जाणारा मनुष्य चार चाकांची गाडी घेऊनही जवळजवळ सगळे वर्ष दोन चाकांच्याच ओढीवर चालणार. तिचे जादा वजन आणि जादा इंधन मात्र तो रोज वाहणार. ब्रेक तर सर्वच गाड्यांत चारही चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर थांबण्याच्या कामी चार चाकांची ओढ काडीचीही मदत करीत नाही.

आपल्या काळ्या मातीचा स्वभावही लक्षात घेतला पाहिजे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला डांबरी रस्तासुद्धा दोन-चार पावसाळ्यांत लाटांसारखा वर-खाली होतो. पांदणीत हीच माती टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत करते. असा टायर घसरू लागला, की दोनऐवजी चार चाके घसरतात, इतकाच फरक उरतो. पकड देतो तो टायर, इंजिन नव्हे. शिवाय साध्या डिफरन्शियलची रचनाच अशी असते, की एक चाक अधांतरी फिरू लागले तर जोर त्याच्यातच वाया जातो. म्हणून २०२१ साली बोलेरो निओच्या ‘एन १० (ओ)’ या दर्जात मागील डिफरन्शियल जखडण्याची सोय दिली गेली, ती गाडी दोनच चाकांच्या ओढीची असूनही. किरकोळ चिखलासाठी ही मधली वाट उपयोगाची आहे. ग्राहकाने विक्रेत्याला पडद्याचा आकार विचारण्यापूर्वी हे विचारावे.

पुराच्या पाण्याला दर्जा कळत नाही

जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने कुरुंदा गावात पुराचे पाणी शिरले, घरे आणि दुकाने पाण्याखाली गेली. ती आठवण गावात ताजी आहे, आणि उंच गाडीची ओढ वाढण्यास तीही एक कारण आहे. पण येथे सावध राहणे अवश्य आहे. थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता दिलेली असते. हा आकडा स्थिर पाण्याचा आहे. तळ ठाऊक असलेल्या, सावकाश ओलांडलेल्या पाण्याचा तो आकडा वाहत्या ओढ्याला लागू पडत नाही.

शाळेत शिकविला जाणारा आर्किमिडीजचा सिद्धान्त येथे लावून पाहावा. गाडीच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे पाच चौरस मीटर धरले, तर पाणी तळाच्या वर दर दहा सेंटिमीटर चढताना सुमारे ५०० लिटर पाणी बाजूस सारले जाते, आणि गाडीचे जमिनीवरील वजन ५०० किलोंनी हलके होते. पावणेदोन टनांची गाडी तळाच्या वर वीस-पंचवीस सेंटिमीटर पाण्यात आपले बहुतांश वजन गमावून बसते. मग बाजूने येणारा प्रवाह तिला फरशी पुलावरून सहज ढकलून देतो. दोन फूट वाहते पाणी उंच गाड्यांनाही वाहून नेऊ शकते, हे जगभरच्या आपत्तींतून सिद्ध झाले आहे. त्या पाण्यात बेस मॉडेल आणि टॉप मॉडेल सारखेच तरंगतात. इंजिनात पाणी शिरून ते मोडले, तर सर्वसाधारण विमा बहुधा ती भरपाई देत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. पुलावर पाणी असेल तेव्हा अलीकडे थांबणे, हे कोणत्याही दर्जाच्या यादीत नसलेले परंतु सर्वांत मोलाचे संरक्षण होय.

हप्त्याचे गणित

बेस आणि टॉप यांच्यात तीन लाखांचे अंतर आहे असे समजू. ‘घ्यायचीच आहे तर तीन लाखांनी काय होते’ हे वाक्य विक्रीच्या दालनात फार ऐकू येते. कर्जाचा व्याजदर साडेनऊ टक्के आणि मुदत सात वर्षे धरली, तर या तीन लाखांचा हप्ता दरमहा सुमारे ४,९०० रुपये पडतो आणि सात वर्षांत एकूण सुमारे ४ लाख १२ हजार रुपये फेडावे लागतात. दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीवर महाराष्ट्रात १४ टक्के वाहन कर आहे. तो या तीन लाखांवर आणखी ४२ हजार होतो. म्हणजे साडेचार लाखांचा हा प्रपंच, विम्याची वाढ वेगळीच.

हे जादा पैसे चार चाकांच्या ओढीसाठी दिले आणि तिची खरी गरज वर्षातून दहा दिवस पडली, तर सात वर्षांत सत्तर दिवस भरतात. प्रत्येक दिवसाला सुमारे साडेसहा हजार रुपये पडले. गाडी विकताना त्यातील काही भाग परत येईल हे खरे. तरी गावात रुतलेली गाडी ओढून काढणारा ट्रॅक्टर बराच स्वस्त पडतो, आणि दरमहा ४,९०० रुपयांत तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलाच्या खोलीचा आणि खानावळीचा मोठा भाग भागू शकतो, हेही तितकेच खरे.

मग निवड कशी करावी

पहिला निकष सुरक्षिततेचा. एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून आणि पुढच्या दोन एअरबॅग जानेवारी २०२२ पासून सर्वच नव्या मोटारींत कायद्याने अनिवार्य आहेत. त्यामुळे पूर्वीइतकी बेस मॉडेलची भीती आता नाही. पण गाडीचा सांगाडा दर्जाने बदलत नाही. २०२० साली थारला ‘ग्लोबल एनकॅप’च्या चाचणीत पाचपैकी चार तारे मिळाले, २०२४ साली बोलेरो निओला एक, आणि त्याच वर्षी थार रॉक्सला ‘भारत एनकॅप’मध्ये पाच. टॉप मॉडेलची आसने मऊ असतील, पण अपघातात उपयोगी पडतो तो सांगाडा. तेव्हा आधी गाडी निवडावी, मग दर्जा.

दुसरा निकष माणसांचा. तीन दारांच्या थारमध्ये चौघांची सोय आहे, आणि मागे बसावयाचे तर पुढचे आसन वाकवून आत चढावे लागते. घरात गुडघे दुखणारी आजी असेल, तर हा मुद्दा इंजिनापेक्षा मोठा आहे.

तिसरा निकष उपयोगी वस्तूंचा. मागील काचेचा वायपर, चांगले दिवे, आसनाची उंची बदलण्याची सोय, मागे घेताना दिसणारा कॅमेरा आणि पूर्ण मापाची स्टेपनी, यांसाठी एक पायरी वर चढणे समर्थनीय आहे. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेथे काचेच्या मोठ्या छतासाठी पैसे मोजणे हे आपल्याच डोक्यावर ऊन विकत घेण्यासारखे आहे. ज्यांचे काम पावसाळ्यात खरोखरच पांदणीतून जाण्याचे आहे, असे गुरांचे डॉक्टर, शेतवस्तीवर राहणारी कुटुंबे, उसाच्या फडांतून हिंडणारे साखर कारखान्यांचे कर्मचारी, त्यांनी चार चाकांची ओढ अवश्य घ्यावी, मात्र ती ज्या सर्वांत खालच्या दर्जात मिळते त्या दर्जात. इतरांनी चांगले टायर घ्यावेत आणि उरलेला पैसा घरी ठेवावा.

ज्यांच्याकडे गाडीच नाही

या सर्व हिशेबानंतर एक प्रश्न उरतो आणि तो ग्राहकाचा नसून नागरिकाचा आहे. पांदण रस्ता चिखलाचा राहतो म्हणून आपण उंच गाडी घेतो. ज्याला ती परवडली, त्याचा प्रश्न सुटला. त्याच पांदणीतून वस्तीवरची मुले चपला हातात घेऊन शाळेत येतात, बाळंतीण बैलगाडीतून वा ट्रॅक्टरमधून डांबरी रस्त्यापर्यंत आणली जाते, आणि ओली हळद शेतातच अडकून पडते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर मराठवाड्यातील माणसांनी खडी फोडून रस्ते घातले. २५ डिसेंबर २००० पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने गावांना बारमाही रस्ते देण्याचे काम हाती घेतले. २०२१ साली राज्याने शेत-पांदण रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना रोजगार हमीच्या जोडीने आखली. योजना आहेत. त्या गावाच्या शिवारात उतरवून घ्यावयाच्या तर ग्रामसभेत उभे राहून बोलणारी, कागद पुढे सरकवणारी आणि अतिक्रमण हटविण्यासाठी भांडणारी माणसे लागतात. ही माणसे बहुधा शिक्षक, लिपिक आणि शिकलेले तरुणच असतात. तेच आपापल्या उंच गाडीत बसून चिखल ओलांडू लागले, तर रस्त्यासाठी बोलणार कोण?

कुरुंदा या गावाने नरहर कुरुंदकरांना त्यांचे आडनाव दिले. १९८२ साली निधन पावलेला हा शिक्षक आयुष्यभर प्रत्येक प्रचलित समजुतीला पुरावा मागत राहिला. महाग ते समर्थ, ही समजूतही पुरावा मागण्यास पात्र आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा पैसा कष्टाचा आहे. तो कोणत्या दर्जावर खर्च करावा, हे ज्याने त्याने आपल्या रस्त्याकडे, आपल्या माणसांकडे आणि आपल्या पगारपत्रकाकडे पाहून ठरवावे. आणि पुढच्या ग्रामसभेत गाडीच्या दर्जाइतकीच चर्चा रस्त्याच्या दर्जाचीही व्हावी.